रांग बदलणाऱ्या सासूबाई आणि कपाटातली डबी

नमस्कार बाई,

मी साताऱ्याची. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमचं कॅथलिक चर्च लहान, रविवारच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, शंभर-सव्वाशे माणसं. फादर एकटेच, साठी ओलांडलेले, त्यात त्यांच्याकडे बाहेरगावची दोन केंद्रं. गेल्या उपवासकाळाआधी त्यांनी मला आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना कम्युनियन, म्हणजे मिस्सात ख्रिस्तशरीर झालेली भाकर, लोकांना द्यायच्या सेवेसाठी निवडलं. प्रशिक्षण झालं, बिशपांचं पत्रही आलं.

तेव्हा आनंद झाला होता. आता रविवार आला की पोटात गोळा येतो. माझ्यासमोरची रांग आटत जाते, फादरांसमोरची लांबते. माझ्या त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई तर सगळ्यांदेखत माझी रांग सोडून फादरांच्या रांगेत जातात. घरी विचारलं तर म्हणाल्या, "तू सून आहेस, फादर नाहीस." काकांचं वेगळंच. पाहुणे फादर आलेले असले तरी यादीत आपलं नाव आहे म्हणून काका सिबोरियम, म्हणजे त्या भाकरीचं भांडं, घेऊन उभे, आणि पाहुणे फादर खुर्चीत बसून. रविवारी काका आजाऱ्यांसाठी होस्ट, म्हणजे त्या भाकरीच्या चकत्या, डबीत घेऊन जातात, घरी कपाटात ठेवतात आणि बुधवार-गुरुवारी सवडीने देऊन येतात. एकदा गुडघे दुखत होते तर काकूंनाच पाठवलं. मी बोलले तर म्हणाले, "देव देवच आहे, कपाटात काय आणि चर्चमध्ये काय."

आणखी एक. कोरेगावला एका आजींकडे कम्युनियन घेऊन गेले, तर त्यांची प्रोटेस्टंट सूनही हात पुढे करून उभी राहिली. मी गोंधळले, दिलं नाही. ती नाराज झाली. माझं चुकलं का?

माझी जागा नेमकी कोणती? राजीनामा देऊ का? आणि साडी कुठली नेसावी तेही सांगा, त्यावरूनही बोलणी ऐकते आहे.

– सिस्टर (दवाखान्यातली), सातारा

ताई,

सही वाचून हसले. चर्चमध्ये खऱ्या सिस्टरांच्या शेजारी बसून ही ओळख करून देताना तुमची किती वेळा पंचाईत झाली असेल!

राजीनामा देऊ नका. निदान रांग आटते म्हणून तरी नको.

आधी नावाचं बोलू, कारण निम्मा घोळ तिथे आहे. तुमच्या नोटीस बोर्डवर यादीच्या डोक्यावर बहुधा 'युकॅरिस्टिक मिनिस्टर' लिहिलेलं असेल. बहुतेक ठिकाणी असतं. २००४ साली रोमहून 'रिडेम्प्शनिस साक्रामेन्तुम' नावाचं सूचनापत्र आलं, त्यात हे नाव वापरू नका असं स्वच्छ सांगितलंय. भाकरीचं ख्रिस्तशरीर होतं ते धर्मगुरूच्या हातून, म्हणून ते नाव फक्त त्याला लागू. तुम्ही 'पवित्र कम्युनियनच्या असाधारण सेविका'. आता मराठीत असाधारण म्हटलं की आपल्याला कुणीतरी थोर वाटतं, आणि काकांचं तेच झालेलं दिसतंय. इथे त्याचा अर्थ एवढाच की नेहमीचे सेवक तुम्ही नव्हे. नेहमीचे म्हणजे बिशप, धर्मगुरू आणि डिकन (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक). कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, ९१० वं कलम तेच सांगतं. उपमा काही फार भक्तिभावाची नाही, पण घरातला इन्व्हर्टर आठवा. तो लागतोच, चार्ज करून ठेवावाच लागतो, पण लाइट असताना कुणी तो मुद्दाम चालवत बसत नाही.

म्हणून पाहुणे फादर खुर्चीत आणि काका सिबोरियम घेऊन उभे, हे उलटं झालं. धर्मगुरू हजर असून बसून राहतात आणि वाटप प्रापंचिकांवर सोडतात, ही पद्धत त्या पत्रात नाव घेऊन नाकारलेली आहे. असाधारण सेवक कधी लागतो? धर्मगुरू किंवा डिकन नसेल तेव्हा, धर्मगुरू म्हातारपणामुळे, अशक्तपणामुळे किंवा तशाच खऱ्या अडचणीमुळे देऊ शकत नसतील तेव्हा, किंवा माणसं इतकी असतील की मिस्सा अवाजवी लांबेल तेव्हा. थोडीशी लांबेल, हे कारण धरलेलं नाही.

आता तुमचीच माणसं मोजू. सव्वाशे जण, प्रत्येकाला पाच-सहा सेकंद. दहा-बारा मिनिटं. दोन गाणी होतील एवढा वेळ. मला विचाराल तर साध्या रविवारी तुमच्या चर्चला दुसऱ्या रांगेची गरजच नसावी. नाताळच्या रात्री, ईस्टरला, गुड फ्रायडेला, जेव्हा एरवी न दिसणारी माणसंही येतात, तेव्हा असेल. किंवा फादरांचे पाय उभं राहू देत नसतील, मिस्सा आटोपून लगेच बाहेरगावच्या केंद्रावर पोचायचं असेल, तर तेही खरं कारण आहे. हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, तुम्हीही नाही. फादरांना एकदा सरळ विचारा, "फादर, साध्या रविवारी माझी खरंच गरज आहे का?" गरज नाही म्हणाले तर तो अपमान समजू नका. मी तर सुटकेचा नि:श्वास टाकला असता.

मग ही सेवा आली कशासाठी? १९७३ च्या जानेवारीत, सहावे पॉल पोप असताना, 'इमेन्से कारितातिस' हे पत्र निघालं. प्रापंचिकांच्या हाती ही सेवा देण्याचे नियम जगभरच्या चर्चसाठी त्यातून आले. त्यात मोठ्या गर्दीचा विचार आहे, पण आजारी माणसाचाही तितकाच आहे. घरी पडून असलेल्यांना आणि त्यांची उस्तवार करणाऱ्यांना कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास पाव तासावर आणला तो त्याच पत्राने. आज तर कॅनन लॉने आजारी, वृद्ध आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना ती अटही ठेवलेली नाही. तुम्ही इन्सुलिनवरची माणसं आयुष्यभर पाहिलीत, तेव्हा हे तुम्हाला वेगळं समजावायला नको. कम्युनियन येणार म्हणून सकाळपासून चहासुद्धा न घेतलेली आजी भेटली तर तिला आधी चहा-बिस्कीट द्यायला लावा.

एक जुनी हकिकत सांगते. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाला सेरापियन नावाचा म्हातारा होता. छळाच्या काळात घाबरून त्याने मूर्तींना बळी वाहिला, आणि मग परत घ्या म्हणून ख्रिस्ती मंडळींच्या विनवण्या करत राहिला. कुणी दाद देईना. शेवटी आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली. चौथ्या दिवशी शुद्धीवर आला तेव्हा मुलीच्या मुलाला धर्मगुरूकडे पिटाळलं. रात्रीची वेळ, आणि धर्मगुरू स्वतःच आजारी. मरणाच्या दारात असलेल्याला परत घ्यावं, असं बिशपांनी सांगून ठेवलं होतं. त्या धर्मगुरूने ख्रिस्तशरीराचा लहानसा तुकडा पोराच्या हाती दिला आणि भिजवून आजोबांच्या तोंडात थेंब थेंब घाल म्हणून सांगितलं. पोराने तसंच केलं. घोट उतरला आणि म्हाताऱ्याने प्राण सोडला. अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिशियस यांनी हे पत्रात लिहिलं आणि युसेबियसच्या इतिहासामुळे ते आपल्यापर्यंत आलं.

ही गोष्ट काकांना सांगितलीत तर ते लगेच म्हणतील, नातवाला चाललं मग काकूंना का नाही? प्रश्न चांगला आहे. पण पोराला पाठवलं कुणी? धर्मगुरूने. म्हातारा घटकेचा सोबती होता, रात्र होती, दुसरा इलाज नव्हता, आणि पोर तडक घरी गेलं. आजही अचानक अडचण आली तर मिस्सा करणारे फादर एखाद्याला तेवढ्या एका वेळेपुरतं नेमू शकतात. सेवक मात्र आपलं काम दुसऱ्याकडे देऊ शकत नाही. बायको, मुलगा, आजाऱ्याचा नातेवाईक, कुणाकडेच नाही. २००४ च्या पत्रात हे घरच्या माणसांचं उदाहरण देऊनच सांगितलंय. काकांचे गुडघे दुखत होते तर त्यांनी फादरांना फोन करायचा होता. किंवा तुम्हाला.

कपाटाचं मात्र मला खरंच खटकलं. ख्रिस्तशरीर स्वतःजवळ ठेवायला कॅनन लॉ मनाई करतो; गरज पडेल तेव्हा न्यायचं, आणि तेही आजाऱ्यापर्यंतच. टॅबरनॅकल, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्तशरीर ठेवायची पेटी, कसं असावं याचेही नियम आहेत: जागेवर पक्कं बसवलेलं, भक्कम, आरपार न दिसणारं, कुलपाचं, आणि समोर अखंड दिवा. काकांच्या कपाटात पासबुकं, लाइट बिलं आणि बहुधा डांबराच्या गोळ्या. 'देव देवच आहे' हे त्यांचं म्हणणं बरोबर. पण मग त्याला बुधवारपर्यंत ताटकळत का ठेवायचं?

इथे माझीही एक चूक कबूल करते, नाहीतर फार शहाणपणा शिकवल्यासारखं होईल. ही सेवा मी अकरा वर्षं केली. पहिल्याच वर्षी मिस्सा झाल्यावर गळ्यात पिक्सची, म्हणजे होस्टच्या डबीची, पिशवी अडकवून एका आजोबांकडे निघाले होते. वाटेत मंडई. मेथी ताजी दिसली, घेतली. तिथे एका जुन्या विद्यार्थ्याची आई भेटली, तिची सुनेची कहाणी वीस मिनिटं ऐकली. आजोबांकडे पोचले तर ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, टेबलावर पांढरा रुमाल आणि मेणबत्ती मांडून बसलेले. मेणबत्ती निम्मी जळाली होती. मला ते काही बोलले नाहीत. माझ्या हातात मेथीची जुडी होती. नियमात लिहिलंय, दुसरी कामं बाजूला ठेवून थेट आजाऱ्याच्या घरी जावं. त्या दिवसानंतर मला तो नियम कुणी समजावून सांगावा लागला नाही.

त्यामुळे पद्धत अशी ठेवा. जेवढे आजारी तेवढेच होस्ट मोजून घ्या, शक्यतो मिस्सातच फादरांच्या हातून. आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. कोरेगावपर्यंत जायचं आणि आजींना मुलाने पुण्याला नेलेलं, असं व्हायला नको. तरी कुणी भेटलं नाहीच, तर होस्ट परत चर्चमध्ये टॅबरनॅकलला आणा, किंवा तुमची तयारी असेल तर आदराने स्वतः ग्रहण करा. पर्समध्ये तशीच घरी नाही. आजाऱ्याच्या घरी गेल्यावर लहानसा प्रार्थनाविधी आहे तो पुस्तकातून करा, घाई नको: पश्चात्तापाची प्रार्थना, शुभवर्तमानातल्या चार ओळी, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', मग कम्युनियन, मग थोडी शांतता. टीव्ही बंद करायला सांगायला लाजू नका. गिळायला त्रास असेल तर अगदी छोटा तुकडा द्या आणि पाण्याचा पेला हाताशी ठेवा. नाकातून नळी असेल, काहीच उतरत नसेल, तर जबरदस्ती नको. सोबत प्रार्थना करा आणि फादरांना कळवा. या बाबतीत बहुतेक सेवकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. आणि कॅलेंडरवर एक खूण करून ठेवा: गुड फ्रायडेला आजाऱ्याकडे केव्हाही नेता येतं, पण पवित्र शनिवारी फक्त मरणपंथाला लागलेल्यालाच, शेवटची शिदोरी म्हणून.

काय करायचं नाही तेही सांगते. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देऊ नका. विधीच्या शेवटी 'प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो' म्हणत स्वतःवरच क्रुसाची खूण करायची. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे तेल लावायचा संस्कार, फक्त धर्मगुरू देऊ शकतात. आपल्याकडे प्रार्थनेला तेल लावणाऱ्या मंडळ्या आहेत, त्यामुळे लोक बाटली पुढे करतात. तुम्ही हात लावू नका. आणि कुणी पापं सांगायला लागलं तर? लागतं. म्हातारी माणसं पांढऱ्या साडीतल्या नर्सला काय काय सांगतात ते तुम्हीच जाणता. ऐका, मनात ठेवा, पण नीट सांगा की पापांची क्षमा मला देता येत नाही, मी फादरांना घेऊन येते. आणि खरंच घेऊन या. तुम्ही दर आठवड्याला जाता म्हणून फादरांचं येणं बंद पडलं, तर तुमच्या सेवेने आजाऱ्याचं नुकसानच केलं. महिन्या-दोन महिन्यांनी एक फेरी फादरांबरोबर करा, यादी तुम्ही ठेवा.

कोरेगावच्या सूनबाईंचं. तुमचं चुकलं नाही. आपल्या साताऱ्या-सांगलीकडे प्रोटेस्टंट मंडळी जुनी आणि मानाची. मिरजेच्या वॉनलेस या प्रोटेस्टंट मिशनरी डॉक्टरांचा १८९४ सालचा दवाखाना तुमच्या नर्सच्या पिढीला काय सांगायचा! घराघरांत सोयरिकी झालेल्या. तरी प्रोटेस्टंट व्यक्तीला कॅथलिक कम्युनियन देता येतं ते फार थोड्या प्रसंगी: मरणाचा धोका, किंवा बिशपांच्या मते तशीच गंभीर गरज, आणि तेव्हाही तिला तिचा धर्मसेवक मिळत नसेल, तिने आपणहून मागितलं असेल, कम्युनियनबद्दल तिचा विश्वास कॅथलिकांसारखाच असेल आणि मनाची तयारी असेल तर. हे दारात उभं राहून तुम्ही ठरवायचं नाही. पण पुढच्या वेळी आत जाण्याआधीच तिच्याशी दोन शब्द बोला आणि वाचन तिला करायला द्या. या मंडळींचं बायबल वाचन आपल्यापेक्षा चांगलं असतं, उच्चार स्वच्छ असतात. सासूच्या उशाशी बसून तिने शुभवर्तमान वाचलं तर ती बाजूला काढल्यासारखी उरणार नाही.

आता तुमच्या सासूबाई. १९७३ साली त्या ऐन तिशीत असतील. तोपर्यंत त्यांनी काय पाहिलं? गुडघे टेकायचे, तोंड उघडायचं, होस्टला हात लावायचा तो फक्त फादरांनी. ते हाडीमांसी भिनलंय. त्या तुम्हाला नाकारत नाहीत, ख्रिस्तालाही नाही. त्यांना फादरांच्या हातून हवंय, आणि फादर हे नेहमीचे सेवक आहेतच, मग त्यात वावगं काय? रांग बदलू द्या. घरी विषय काढू नका, आणि नवऱ्याला मध्ये घालू नका. बाकीच्या लोकांसाठी फादरांनी एकदा उपदेशात दोन मिनिटं बोलावं, की या दोघांना बिशपांनी नेमलंय आणि रांग कुठलीही असली तरी ख्रिस्त तोच. हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नव्हे. एक गोष्ट मात्र मनात धरून ठेवा. उद्या सासूबाईंना जिना उतरवेनासा झाला, तर रविवारी घरी कम्युनियन कोण आणणार? तेव्हा फादरांना बोलवायचं की सुनेने आणायचं, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. आता आठवणही करून देऊ नका.

काकांविषयी फादरांशी एकांतात बोला. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नको. आणि तक्रारीच्या सुरात बोलू नका. "आम्हा दोघांना पद्धत पुन्हा एकदा समजावून सांगाल का" असं म्हणा. प्रशिक्षणात सगळं सांगतात, पण दोन दिवसांत कुणाच्या लक्षात राहतं? काकांना बहुधा कुणी मुद्दाम टोकलेलंच नाही. चाळीस वर्षं बँकेत चाव्या सांभाळलेला माणूस आहे, टॅबरनॅकलच्या किल्लीचं महत्त्व त्यांना तुमच्या-माझ्याआधी पटेल.

राहिली साडी. रंगाचं बंधन नाही, पण फार भरजरी नको. कॉटनची, हलक्या रंगाची, साधी. पदर मात्र खांद्याला दोन पिनांनी घट्ट बसवा, कारण उतरत्या पायरीवर उंच माणूस समोर आला की हात वर जातो आणि पदर सुटून थेट सिबोरियममध्ये जातो, माझा गेलाय. काचेच्या बांगड्या त्या दिवशी दोनच ठेवा. आणि फादरांनी स्वतः ग्रहण केल्याशिवाय वेदीपाशी जाऊ नका, भांडंही त्यांच्याच हातून घ्या, म्हणजे पदर सारखा करायला तेवढा वेळही मिळतो.

– बाई